कॅन्सल दाबा आणि संगणक बंद करा

तुळशीच्या लग्नानंतर लगेचच, लग्नसमारंभांचे चित्रीकरण करणाऱ्या कोल्हापुरातील एका स्टुडिओतून फोन आला. ‘सर, डिस्क इनिशियलाइज करायला सांगतंय, एमबीआर की जीपीटी विचारतंय. ओके करू का?’ तिथे एडिटिंग करणाऱ्या मुलाने अगदी सहज विचारले. इनिशियलाइज करणे म्हणजे डिस्क कोरी समजून वापरासाठी नव्याने तयार करणे; एमबीआर आणि जीपीटी हे डिस्कवरच्या विभागांची नोंद ठेवण्याचे दोन प्रकार. मी त्याला कॅन्सल दाबून संगणक बंद करायला आणि मी पोहोचेपर्यंत कशालाही हात न लावायला सांगितले. त्या डेस्कटॉपमध्ये प्रत्येकी ४ टीबीच्या चार हार्डडिस्क मदरबोर्डच्याच सुविधेने रेड ५ पद्धतीने जोडलेल्या होत्या. या पद्धतीत सगळ्या डिस्क मिळून एकच मोठी डिस्क दिसते, आणि एका डिस्कइतकी जागा खर्चून, एक डिस्क बिघडली तरी डेटा टिकेल अशी सोय केलेली असते. ‘ओके’ म्हणताच विंडोजने त्यांच्या सुरुवातीच्या भागावर नवे लिखाण केले असते.

स्टुडिओचे मालक हवालदिल झाले होते. चारही डिस्क एकदम गेल्या, असाच त्यांचा समज झाला होता. तसे होणे जवळपास अशक्य असते. विजेच्या मोठ्या फटक्यासारखे काही झाले तरच ते घडते, आणि इथे तर विंडोज वेगळ्या एसएसडीवरून व्यवस्थित सुरू होत होते. पडद्यावरच्या घड्याळात मात्र काही वर्षांपूर्वीची तारीख दिसत होती, आणि निम्मे निदान तिथेच झाले. चातुर्मासात मुहूर्त नसल्यामुळे काम थंडावलेले, त्यात विजांची भीती, म्हणून मालकांनी संगणकाचा प्लगच काढून ठेवला होता. बाहेरचा वीजपुरवठा नसताना बायोसची, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची, सेटिंग टिकवण्याचा सगळा भार सीआर २०३२ या बटणासारख्या सेलवर पडतो. ३ व्होल्टच्या त्या जुन्या सेलमध्ये मीटरवर जेमतेम २ व्होल्ट दिसले. सेल संपल्यावर बायोस मूळ सेटिंगवर गेले, डिस्क कशा हाताळायच्या हे ठरवणारा साटा मोड ‘रेड’वरून ‘एएचसीआय’वर, म्हणजे प्रत्येक डिस्क सुटी दाखवणाऱ्या मोडवर, आला आणि एकसंध १२ टीबीच्या जागी विंडोजला चार सुट्या, अनोळखी डिस्क दिसू लागल्या.

आधी प्रत्येक डिस्कच्या अनुक्रमांकाचे शेवटचे चार आकडे तिच्या केबलवर चिकटपट्टी लावून लिहिले. मग सेल बदलून मोड पुन्हा ‘रेड’ केला. कोणती डिस्क कोणत्या क्रमाने जोडली आहे याची नोंद डिस्कवरच असते, त्यामुळे बायोसच्या यादीत चारही सदस्य ‘नॉर्मल’ दिसले आणि ड्राइव्ह उघडला. आत सुमारे ५ टीबी चित्रीकरण होते आणि त्याची दुसरी प्रत कुठेही नव्हती. ‘रेड आहे ना, मग बॅकअप कशाला?’ हा प्रश्न मी या धंद्यात सतत ऐकतो. रेडमुळे एक डिस्क गेली तरी काम थांबत नाही, इतकेच. चुकून पुसलेली फाइल चारही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते. म्हणून इतर काहीही करण्यापूर्वी बाहेरच्या डिस्कवर प्रत काढायला लावली. सेकंदाला साधारण १५० एमबी या वेगाने तिला नऊ तासांहून अधिक वेळ लागला. ज्यांचे अल्बम अजून द्यायचे होते, त्या लग्नांची आणखी एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेतली आणि दोन्ही प्रती उघडून तपासल्या.

त्यानंतरच जुनी जोडणी मोडली. पुन्हा रेड ५ नको, हे मी स्पष्ट सांगितले. त्यात एक डिस्क बदलली की उरलेल्या तिन्ही, म्हणजे १२ टीबी, संपूर्ण वाचाव्या लागतात. साध्या डेस्कटॉप डिस्कचे उत्पादक तर दर १०^१४ बिटांमागे, म्हणजे सुमारे १२.५ टीबीमागे, न वाचता येणारी एक जागा गृहीत धरतात. प्रत्यक्षात डिस्क याहून बऱ्याच चांगल्या वागतात, पण लोकांच्या लग्नांच्या बाबतीत मला तो जुगार नको होता. विंडोजमधल्या स्टोरेज स्पेसेस या डिस्क एकत्र जोडण्याच्या सोयीत दुहेरी मिरर केला, म्हणजे प्रत्येक गोष्ट दोन डिस्कवर लिहिली जाते. वापरायला ८ टीबीच मिळाले, म्हणून मालक थोडे कुरकुरले. पण ही जोडणी बायोसच्या मोडवर अवलंबून नसते आणि मदरबोर्ड जळाला तरी त्याच डिस्क विंडोजच्या दुसऱ्या संगणकाला लावता येतात.

सगळा डेटा परत भरल्यावर एका लग्नाचा व्हिडिओ चालू ठेवून मी एका डिस्कची केबल मालकांच्या देखत काढली. विंडोजने इशारा दिला, व्हिडिओ मात्र थांबला नाही. केबल परत लावून दुरुस्ती पूर्ण होऊ दिली. बाहेरची डिस्क मालक घरी घेऊन गेले, आणि दर शनिवारी ती आणून नवी प्रत काढण्याचे काम फोन करणाऱ्या त्या मुलाकडे सोपवले.