तबकडी संपली, तरी टोनआर्म परतेना

वडिलांकडून आलेल्या, पट्ट्यावर चालणाऱ्या आमच्या स्वयंचलित टर्नटेबलमध्ये, म्हणजे तबकड्या वाजवण्याच्या यंत्रात, गेल्या पावसाळ्यात दोन परस्परविरुद्ध दोष एकदमच दिसू लागले. नाट्यगीतांच्या एलपीची बाजू संपली तरी टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, परत येत नसे आणि सुई शेवटच्या बंद खाचेत टक्-टक् करत राही. कधी मात्र गाणे ऐन रंगात असतानाच टोनआर्म उचलला जाऊन जागेवर जाऊन बसे. दुरुस्तीच्या दुकानात टोनआर्मच बदलावा लागेल असे सांगण्यात आले, परंतु बोटाने नेला असता तो कोठेही न अडता फिरत होता, त्यामुळे ते निदान मला पटले नाही.

टोनआर्मला परत आणण्याचे काम प्लॅटरखालचे, म्हणजे तबकडी ठेवायच्या फिरत्या थाळीखालचे, मोठे दातेरी चक्र करते. त्याच्या कडेला एके ठिकाणी दाते नसतात आणि एरवी तीच मोकळी जागा प्लॅटरच्या मधल्या लहान चक्रासमोर असल्यामुळे दोघांचा संबंध येत नाही. या मोठ्या चक्रावर नखाएवढी एक तरफ असते. टोनआर्म आत सरकतो तशी त्याला जोडलेली पट्टी तरफेला किंचित पुढे ढकलते आणि प्लॅटरच्या मध्यावरचा उंचवटा दर फेऱ्याला तिला मागे सारतो. मिनिटाला ३३⅓ फेरे या गतीने २० मिनिटांच्या बाजूत सुमारे ६६७ फेरे होतात. म्हणजे गाणे चालू असताना टोनआर्म एका फेऱ्यात जेमतेम मिलिमीटरचा आठवा भाग आत येतो. गाणे संपल्यानंतरच्या विरळ खाचेत मात्र तो एकाच फेऱ्यात काही मिलिमीटर सरकतो, तरफ एकदम पुढे जाते, उंचवटा तिला अडकतो आणि मोठे चक्र फिरू लागते. तरफ जड झाली की ती कधी पुढेच जात नाही, तर कधी पुढे गेलेली मागे सरत नाही. आमच्याकडचे दोन्ही दोष असे एकाच जागचे होते.

प्लग काढून, सुईवर टोपण घालून, टोनआर्म क्लिपमध्ये अडकवून मी प्लॅटर सरळ वर उचलला. मूळचे ग्रीस पिवळे पडून मेणासारखे घट्ट झाले होते आणि तरफ ढकलावी तेथेच चिकटून राहत होती. कापसाच्या काडीने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून ती इतकी स्वच्छ केली की यंत्र जरा कलते केले तरी ती आपोआप हलू लागली. तरफेच्या खिळीला तेल किंवा ग्रीस मुळीच लावू नये, असे माझे ठाम मत आहे. नवे लिथियम ग्रीस मी फक्त मोठ्या चक्राखालच्या घसरणीच्या खाचेत, तेही अगदी पातळ लावले. नंतर क्लिप सोडून, टोनआर्म आत नेऊन, प्लॅटर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने हाताने फिरवला, तेव्हा पूर्ण परतफेरी विनासायास झाली. ही फेरी चालू असताना टोनआर्म हाताने कधीही धरू नये. आतल्या प्लास्टिकच्या पट्ट्या तशानेच मोडतात.

मोटार लावल्यावर मात्र टोनआर्म उचलण्याच्या क्षणी प्लॅटर थबकला. गाणे वाजवण्यापेक्षा परतफेरीला अधिक जोर लागतो आणि सैल पडलेला पट्टा तेथेच घसरतो. नवा पट्टा घातल्यापासून टोनआर्म प्रत्येक वेळी वेळेवर परततो. उचलदांडी खाली केली की तो अजून जरा धपकन उतरतो. तिच्या नळीतले घट्ट सिलिकॉन तेल मिळेपर्यंत मी सुई बोटाचा आधार देऊन ठेवतो.