केफा, याकोब आणि माझा भाचा

माझा भाचा कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. भायखळ्याच्या आमच्या मराठी चर्चमध्ये लहानाचा मोठा झाला, आता मानत नाही. ईस्टरला मात्र जेवायला येतो. यंदा मटण शिजायच्या आतच त्याने विषय काढला: येशू मेलेल्यांतून खरंच उठला का?

"मावशी, मार्कने लिहिलेल्या शुभवर्तमानाची, म्हणजे येशूच्या चरित्राची, सर्वांत जुनी पूर्ण हस्तलिखितं चौथ्या शतकातली. त्यांत बायका घाबरून कबरेपासून पळतात आणि शुभवर्तमान तिथेच संपतं. येशू कोणाला दिसल्याचं नाहीच!"

दिसल्याचं नाही, पण तो उठला आहे हे कबरेत बसलेला एक तरुण बायकांना सांगतो. तरी मी कबरेपासून सुरुवात करत नाही. मी पौलापासून करते, पहिल्या पिढीतल्या ख्रिस्ती प्रचारकापासून. करिंथकरांना, म्हणजे करिंथ शहरातल्या मंडळीला, त्याने पहिलं पत्र लिहिलं ते इ.स. 55 च्या सुमारास, येशूच्या वधस्तंभानंतर जेमतेम पंचवीस वर्षांनी. येशू केफाला, म्हणजे त्याचा शिष्य पेत्र याला दिसला, बारा शिष्यांना, पाचशेंहून अधिक बांधवांना, याकोबाला, शेवटी मला, असं तो लिहितो. आणि हे आपल्याला आधीच्यांकडून मिळालं, असंही.

"म्हणजे ऐकीव पुरावा. पाचशेंतल्या एकाचं तरी नाव आहे का? आणि या यादीत बायका कुठे गेल्या?"

बायकांचा प्रश्न मला लागला. चारही शुभवर्तमानांत कबरेपाशी मग्दालीया मरीया आहे, आणि पौल तिचं नावही घेत नाही. पण ऐकीव म्हणून सोडून देता येणार नाही. गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात पौल सांगतो की तो यरुशलेमात केफाकडे पंधरा दिवस राहिला, प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटला. ज्यांनी पाहिलं म्हणतात, त्यांच्याच घरी तो जेवला-झोपला.

मग मी याकोबाचं मांडलं. योहानाचं शुभवर्तमान सांगतं की येशूच्या भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. तोच याकोब पुढे यरुशलेमच्या मंडळीचा प्रमुख होतो, आणि 62 साली त्याला दगडमार करून मारलं, हे त्या काळचा यहुदी इतिहासकार योसेफस नोंदवतो. योसेफस काही आपला माणूस नव्हे.

"माणूस विश्वासासाठी मेला, तर त्याचा विश्वास खरा होता एवढंच सिद्ध होतं. घटना नाही."

हे मला पूर्ण मान्य आहे, आणि आमच्या प्रवचनांत हे कोणी बोलत नाही याचं वाईट वाटतं. इतिहास मला इथपर्यंत आणून सोडतो: या माणसांनी काहीतरी पाहिलं, आणि ते येशूलाच पाहिलं असं त्यांनी आयुष्यभर सांगितलं. पुढचं पाऊल मी प्रार्थनेत टाकलेलं आहे, ते मी पुरावा म्हणून पुढे करणार नाही. पण मेलेला उठत नाही हे भाच्याचं वाक्यसुद्धा कागदपत्रांतून आलेलं नाही. ते तो घरून घेऊनच निघतो. तसं त्याला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता.

जेवताना त्याने विचारलं, "याकोबाला दिसला तेव्हा झालं काय?" पौलाने त्यावर तीन-चार शब्दच खर्चले आहेत. त्या भेटीची गोष्ट चारांपैकी एकाही शुभवर्तमानात नाही. मलाही ती वाचायची फार इच्छा आहे, असं मी त्याला म्हटलं.