शिंग-ई (चिनी मार्शल आर्ट) लॉग, महिना 15: कोंबड्यावर अडकलोय

सान-ती, म्हणजे शिंग-ईतली उभं राहायची मूळ मुद्रा, चालू आहे, दोन्ही बाजूंना 12-12 मिनिटं, त्यात नवीन काही नाही, मागच्या पायावर साधारण 60 टक्के वजन आणि मांडी पेटलेली. पाच मुठी, म्हणजे पाच मूळ प्रहार, तेपण रोज. बातमी ही की शिफूंनी (आमचे गुरू) एकदाचे प्राणी, म्हणजे प्राण्यांवर बेतलेल्या हालचाली, सुरू केले. आमची चीनमधल्या हबेई प्रांताची लाइन, म्हणजे 12 प्राणी, हनान प्रांतवाल्यांकडे 10 असतात. मी आपला ड्रॅगनची स्वप्नं बघत होतो आणि वाट्याला आला कोंबडा. शाळेत गणिताच्या तासाला व्हायचो तोच. बायको हसून हसून बेजार.

पहिले दोन आठवडे मी सरळ नक्कल केली, मान पुढेमागे, गुडघा छातीपर्यंत, कोपरं पंखासारखी. शिफूंनी दोन राउंड शांतपणे बघितले आणि विचारलं, "पिसं कुठंयत?"

मग त्यांनी फक्त पाय दाखवला. कोंबडा चालताना एक पाय उचलतो, बोटं मिटतात, क्षणभर तसाच थांबतो, सगळं वजन दुसऱ्या पायावर आणि तरी अंग हलत नाही, मग तो पाय रिकामाच खाली जातो आणि वजन नंतर सरकतं. आणि सान-तीच्या जुन्या वर्णनात कोंबड्याचे पाय, ड्रॅगनचं अंग, अस्वलाचे खांदे, गरुडाचे पंजे हे सगळं आहेच की, मी ते पाठसुद्धा केलं होतं! म्हणजे 15 महिने कोंबड्यावरच उभा होतो आणि पत्ता नाही. शिंग-ईचे जुने उस्ताद सन लुतांग यांच्या 1915 च्या पुस्तकात बाराही प्राणी आहेत, वाचताना सगळं कळतं, पाय उचलला की सगळं विसरतं.

सध्या घोडं अडलंय ते 'सोनेरी कोंबडा दाणे टिपतो' या चालीवर. पंग-छ्वानसारखा (पाच मुठींमधला सरळ ठोसा) ठोसा, दुसरा हात मनगटाशी, आणि ठोसा लागतो त्याच क्षणी मागचा पाय पुढच्याजवळ यायला हवा. माझा उशिरा येतो, एसटी गेल्यावर स्टँडवर पोचल्यासारखा. व्हिडिओ काढून मोजलं, डावा पाय पुढे असताना 10 पैकी 6-7 जमतात, उजवा असताना जेमतेम 3, त्या घोट्याला फुटबॉलची जुनी दुखापत आहे, असो.

उपाय म्हणून हात बंद. सिंगापूरला बिल्डिंगखाली जी मोकळी जागा असते तिथे रात्री नुसतं चालतो, उचललेला पाय दुसऱ्या घोट्याशी, तीन आकडे मोजायचे, आवाज न करता ठेवायचा. स्लीपर ओली असली तर चूक लगेच ऐकू येते, चप्पक करून. शेजारचं पोरगं परवापासून मागे चालतंय आणि त्याचा तोल माझ्यापेक्षा बरा आहे.

ज्यांचा कोंबडा झालाय त्यांनी सांगा, दाणे टिपताना मागचा पाय आपटता की नुसता आणून ठेवता? शिफू म्हणतात आपटू नको, पण स्वतः करतात तेव्हा फरशी वाजते.