विहिरींच्या नोंदी कोण वापरते?

विद्यापीठाच्या ग्रंथालयात संशोधनाचा डेटा सांभाळणे हे माझे काम आहे. प्राध्यापक आणि संशोधक विद्यार्थी जी मोजमापे, सर्वेक्षणे किंवा ध्वनिमुद्रणे प्रकल्प संपल्यावर कपाटात किंवा एखाद्या जुन्या हार्ड डिस्कवर टाकून देतात, ती मागून आणायची, तपासायची, त्यांचे नीट वर्णन लिहायचे आणि डीओआय हा कायमचा ओळख-क्रमांक घेऊन ती सर्वांना खुली करायची. शोधनिबंधाप्रमाणे डेटासेटलाही कायमचा पत्ता असावा आणि त्याचा रीतसर संदर्भ देता यावा, यासाठी डेटासाइट ही आंतरराष्ट्रीय संस्था २००९ साली स्थापन झाली. आमचे क्रमांक तिच्यामार्फतच मिळतात. हे काम वर्षभर बिनबोभाट चालते. अडते ते अहवालाच्या दिवसांत, कारण तेव्हा ‘या खुल्या डेटाचा उपयोग काय झाला?’ असा प्रश्न येतो आणि उत्तरासाठी तक्त्यात एकच रकाना असतो.

गेल्या वर्षी गुणवत्ता हमी कक्षाच्या समन्वयकांचा फोन सकाळी कार्यालय उघडताच आला आणि आकडा संध्याकाळपर्यंत हवा होता. डेटा खुला केला की निबंधाला ६९ टक्के जास्त संदर्भ मिळतात, म्हणजे इतर निबंधांत त्याचा तितका जास्त उल्लेख होतो, असे त्यांनी कुठल्याशा कार्यशाळेत ऐकले होते, आणि आपलाही असाच काही आकडा असेल तर तो ठळकपणे द्यावा, अशी त्यांची इच्छा होती. तो ६९ टक्क्यांचा आकडा खोटा नाही. हीदर पिवोवर आणि सहकाऱ्यांनी २००७ साली कर्करोगाच्या ८५ वैद्यकीय चाचण्यांच्या निबंधांवरून तो काढला होता. पण त्याच संशोधिकेने २०१३ साली दुसऱ्या एका संशोधकाबरोबर जनुकांच्या अभिव्यक्तीवरचे १०,५५५ निबंध तपासले आणि संदर्भ वाढण्याची इतर कारणे बाजूला काढली, तेव्हा वाढ ९ टक्के निघाली. हे मी समन्वयकांना सांगितले. “बरं मॅडम, नऊ तर नऊ. पण तो त्यांचा झाला. आपला काय?” या प्रश्नावर माझ्याकडे लगेच देण्यासारखे उत्तर नव्हते.

आमच्या संग्रहातला सर्वाधिक डाउनलोड झालेला संच भूशास्त्र विभागाचा आहे. एका दुष्काळी तालुक्यातल्या निवडक विहिरींची पाणीपातळी त्या विभागाचे विद्यार्थी वर्षातून दोनदा मोजतात, पावसाळ्यापूर्वी मेअखेरीस आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये. विहिरीच्या काठावरून टेप खाली सोडायचा, पाणी किती खोल लागते ते पाहायचे आणि वहीत लिहायचे, एवढीच पद्धत. अशा अनेक वर्षांच्या वह्या आम्ही संगणकावर उतरवून घेतल्या, त्या क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली खुल्या केल्या आणि पुढे काही दुरुस्त्यांसह दुसरी आवृत्तीही काढली. डाउनलोडच्या आलेखात याच संचाचे एक उंच शिखर दिसत होते, म्हणून मी तिथूनच सुरुवात केली.

डाउनलोड कसे मोजायचे याचे नियम ठरलेले आहेत. काउंटर या संस्थेच्या संशोधन-डेटासाठीच्या नियमावलीनुसार शोधयंत्रांचे आणि इतर स्वयंचलित रोबोंचे येणे-जाणे वगळावे लागते, एखाद्याने ३० सेकंदांच्या आत तेच बटण पुन्हा दाबले तर ते एकदाच धरायचे असते, आणि माणसाने केलेला वापर व कोणी मुद्दाम लिहिलेल्या प्रोग्रॅमने केलेला वापर वेगळा दाखवायचा असतो. नियम लावताच आलेखाचा बराचसा फुगवटा रोबोंबरोबर निघून गेला, आणि त्यात नवल नव्हते. पण ते शिखरही जवळजवळ सपाट झाले, याचे मला आश्चर्य वाटले. सर्व्हरची नोंदवही उघडून पाहिली तेव्हा कळले की ती सगळी मागणी एकाच दुपारी, एकाच इंटरनेट पत्त्यावरून, एकाच प्रकारच्या ब्राउझरमधून आली होती. तो पत्ता एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचा निघाला. बहुधा एका प्रयोगशाळेत बसलेल्या अख्ख्या वर्गाने प्रात्यक्षिकासाठी आमची फाइल उतरवून घेतली होती. वापरकर्त्याने लॉग-इन केलेले नसेल तर पत्ता आणि ब्राउझर यांवरूनच तो ओळखायचा, असा नियम आहे. त्यामुळे सारखे संगणक आणि एकच जोडणी असलेला संपूर्ण वर्ग त्याच्या दृष्टीने एक माणूस ठरतो. नियम चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही, कारण तो नसता तर आकडे फुगवणे फार सोपे झाले असते. मात्र खुल्या डेटाचा ज्या वापराला सर्वांत आधी उपयोग म्हणावे, तो अध्यापनातला वापर, या मोजणीत जवळजवळ दिसतच नाही.

संदर्भांची स्थिती याहून विरळ होती. डेटासाइटच्या नोंदीत मोजकेच संदर्भ दिसत होते आणि त्यांतले निम्मे विभागातल्याच प्राध्यापकांचे होते. डेटासेटचा संदर्भ निबंधाइतक्याच गांभीर्याने, संदर्भसूचीत, कायमच्या क्रमांकासह द्यावा, हे तत्त्व २०१४ सालच्या संयुक्त जाहीरनाम्यात मांडले गेले, पण प्रत्यक्षात लेखक मजकुरातच ‘उपलब्ध माहितीवरून’ असे लिहून पुढे जातो. सूचीत डीओआय असला तरी प्रकाशकाने तो संबंध पुढे कळवला नाही, तर तो आमच्यापर्यंत येत नाही. शिवाय एखादा संच खरोखर उपयोगी ठरला की त्याच्या प्रती इतरत्र पसरतात आणि मूळ ठिकाणची मोजणी लंगडी पडते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या केंद्राचा चर्प्स हा १९८१ पासूनच्या पावसाचा खुला संच गूगल अर्थ इंजिन या उपग्रह-माहितीच्या ऑनलाइन मंचावर ठेवलेला आहे. तिथे तो वापरणाऱ्याला मूळ केंद्राच्या सर्व्हरवर पाऊलही टाकावे लागत नाही. आमच्या संचाचे नशीब एवढे मोठे नाही, पण हाच प्रकार लहान प्रमाणात आमच्याकडेही झालेला होता, हे दुपारी कळले.

डीओआयने काही सापडत नाही म्हटल्यावर मी प्रबंधांकडे वळले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर पीएचडीचे प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या संग्रहात जमा होऊ लागले, त्यामुळे महाराष्ट्रातल्या भूगोल, कृषी-अर्थशास्त्र आणि ग्रामविकास या विषयांचे प्रबंध बसल्या जागी वाचता येतात. अडचण वेगळीच आहे. मराठी प्रबंधांतले बरेचसे युनिकोडपूर्व, म्हणजे सर्व लिप्यांसाठीची सामाईक संकेतपद्धती रूढ होण्याआधीच्या, फॉन्टांत टंकलेले असतात. पडद्यावर ‘भूजल’ स्वच्छ वाचता येते, पण फाइलच्या पोटात त्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात, आणि युनिकोडमध्ये टाकलेला शब्द कितीही शोधला तरी भेटत नाही. आमच्या कार्यालयात एक वरिष्ठ लिपिक आहेत, त्यांना आम्ही काका म्हणतो. त्यांची सगळी नोकरी त्या कळफलकांवर गेली आहे. त्यांनी भूशास्त्र विभागाचे आणि तालुक्याचे नाव दोन-तीन जुन्या फॉन्टांत टंकून दिले, मी ते साध्या नोटपॅडमध्ये चिकटवून त्याखालची अक्षरमाला मिळवली, आणि उतरवून घेतलेल्या प्रबंधांत तीच निरर्थक दिसणारी अक्षरमाला शोधली. भराभर सापडू लागले. ‘विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाकडून प्राप्त नोंदी’ असे लिहून आमचे आकडे वापरणारे प्रबंध होते, आणि एकातही डीओआय नव्हता. काकांनी स्वतःच्या खुर्चीवर परतताना विचारले, “हे काम आधी का नाही सांगितलं?” त्यालाही माझ्याकडे उत्तर नव्हते.

त्यांतल्या एका प्रबंधाच्या परिशिष्टात एका गावाचा जल सुरक्षा आराखडा जोडलेला होता. केंद्र सरकारच्या अटल भूजल योजनेत महाराष्ट्रासह सात राज्ये निवडली होती आणि तिच्यात ग्रामपंचायतींनी असे आराखडे करायचे होते: पाऊस किती झाला, जमिनीत किती मुरला, कोणत्या पिकाला किती लागेल, याचा ताळेबंद. आराखड्यातल्या दोन विहिरींना जे सांकेतिक क्रमांक होते, ते आमच्या विद्यार्थ्यांनी दिलेले होते. ते क्रमांक दुसऱ्या कुणाकडे असण्याचे कारणच नव्हते. आराखड्यावर ग्रामपंचायतीचा दूरध्वनी होता. तिथून पाणी समितीचे काम पाहणाऱ्या एका ताईंचा नंबर मिळाला.

“आमच्याकडे ती एक्सेलची फाईल आहे ना, मॅडम,” त्या म्हणाल्या. “ग्रुपवर आली होती.”

“कुणी टाकली होती, ताई?”

“ते आता कसं सांगू? तालुक्याच्या ग्रुपवर कुणीतरी टाकली, तिथून आम्ही घेतली.”

माझ्या नोंदवहीत या गावाचा मागमूस नव्हता आणि तो असण्याची शक्यताही नव्हती. पण मला एकदम दुसरीच शंका आली. मी त्यांना फाइल उघडायला सांगितले आणि एका विहिरीचा ऑक्टोबरचा आकडा वाचून घेतला. तो पहिल्या आवृत्तीतला होता.

दुसऱ्या आवृत्तीतली दुरुस्ती कठड्यांची होती. टेप कठड्याच्या माथ्यावरून सोडतात आणि मग कठड्याची उंची वजा करून जमिनीपासूनची खोली काढतात. उंची कायम राहिली तर मे आणि ऑक्टोबरच्या आकड्यांतला फरक काढताना ती आपोआप कटते, म्हणून वर्षानुवर्षे कुणाचे अडले नव्हते. पण काही विहिरींवर मेचे मोजमाप झाल्यानंतर आणि पावसापूर्वी मालकांनी नवे, उंच कठडे बांधले होते. जुनीच उंची वजा केल्यामुळे ऑक्टोबरमध्ये पाणी होते त्याहून खोल दिसले आणि पावसाळ्यातली चढ कमी भरली. हे लक्षात आल्यावर विभागाने आकडे सुधारले आणि तशी टीप आमच्या संग्रहात लावली होती. आता तिचा अर्थ नीट समजून घेणे भाग होते. झिजलेल्या बसाल्टातून, म्हणजे इथल्या काळ्या खडकातून, त्याच्या आकारमानाच्या साधारण २ टक्केच पाणी हाती येते, असे भूजल अंदाजाच्या २०१५ च्या पद्धतीत धरलेले आहे. कठडा ६० सेंटिमीटरने वाढला असेल तर मुरलेल्या पाण्याचा हिशोब १२ मिलिमीटरने कमी येतो. १०० हेक्टरांवर तेच १२,००० घनमीटर, म्हणजे १ कोटी २० लाख लिटर होतात. रब्बीत कांदा घ्यावा की हरभऱ्यावर भागवावे, हे ठरवणाऱ्या गावाला हा फरक छोटा नाही.

ताईंना हे सांगितले तेव्हा त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “तरीच! विहिरीला पाणी दिसत होतं आणि ताळेबंदात कमी निघत होतं. कठडा नवा बांधलाय हे गावात सगळ्यांना माहीत आहे. पण आम्ही म्हटलं, विद्यापीठाचं मोजमाप आहे, बरोबरच असणार.”

त्यानंतरचा माझा सगळा वेळ अहवालाऐवजी फोनवर गेला. ज्यांचे प्रबंध सापडले होते त्यांना, त्यांच्या मार्गदर्शकांना, त्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला मी दुसऱ्या आवृत्तीची सूचना पाठवली; ताईंनी सुधारित फाइल त्याच तालुक्याच्या ग्रुपवर टाकली. डेटा कोण वापरतो हे शोधण्याचे कारण श्रेय मिळवणे हेच आहे, असे मी तोपर्यंत धरून चालले होते, कारण माझ्या कामातली सगळी कागदपत्रे तसेच सांगतात. निबंधातली चूक निबंधाजवळ राहते आणि वाचणारा निदान तिच्याशी वाद घालू शकतो. आकड्यातली चूक मात्र दुसऱ्याच्या हिशोबात शिरते आणि तिथे ती त्याची होऊन बसते. वापरणारा सापडला नाही, तर त्याला चूक कळवण्याचा दुसरा मार्ग आमच्याकडे नाही.

संध्याकाळी मी समन्वयकांना चार ओळी पाठवल्या: नियमाप्रमाणे मोजलेले डाउनलोड, त्यात वर्गातला वापर गळतो अशा टिपेसह; विभागाचे स्वतःचे वेगळे काढून उरलेले संदर्भ; वाचून सापडलेले वापर, प्रत्येकाच्या नावनिशीसह; आणि दुरुस्ती ज्यांच्यापर्यंत पोचवली त्यांची यादी. “हे चार आकडे मी एका रकान्यात कसे घालू?” असे त्यांनी विचारले, आणि त्यांच्या जागी मीही तेच विचारले असते. अखेर रकान्यात डाउनलोडचा आकडा गेला आणि बाकीचे पुरवणीत जोडले गेले. तो आकडा त्यांच्या अपेक्षेहून पुष्कळ लहान होता, पण त्यांनी तो बदलायला सांगितले नाही, याचे मला बरे वाटले.

भूशास्त्र विभागाच्या प्रमुखांशी मात्र माझा मतभेद आहे. यापुढे नाव आणि ईमेल दिल्याशिवाय फाइल उतरवू देऊ नये, म्हणजे दुरुस्ती सर्वांना कळवता येईल, असे त्यांचे म्हणणे. सरांचा हेतू योग्य आहे, पण अशा नोंदणीत फक्त ग्रुपवर फाइल टाकणारी पहिली व्यक्ती सापडली असती, ताई सापडल्या नसत्या. शिवाय दारात नाव विचारले की प्रात्यक्षिकाला बसलेला वर्ग दुसरीकडे वळतो. मी सुचवलेला उपाय फाइलबरोबरच प्रवास करणारा आहे: नावातच आवृत्ती आणि तारीख, आणि एक्सेलच्या पहिल्या पानावर साध्या मराठीत काय बदलले, नवी आवृत्ती कुठे पाहावी आणि शंका आल्यास कोणाला फोन करावा, हे लिहिलेले. तूर्त तो स्वीकारला गेला आहे आणि नोंदणीचा प्रश्न पुढच्या बैठकीवर ढकलला आहे. सध्या तयार होत असलेल्या तिसऱ्या आवृत्तीत कठड्याच्या उंचीला स्वतंत्र रकाना आहे, आणि विद्यार्थ्यांनी तो प्रत्येक फेरीला नव्याने मोजून भरायचा आहे.