तुम्ही विचारलंत म्हणून: 48 लाईफबोटी होत्या, मग माणसं बुडाली कशी?

लुसिटेनिया या ब्रिटिश प्रवासी जहाजाचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. टायटॅनिकवर लाईफबोटी कमी होत्या, हे आता पोराटोरांनाही पाठ आहे. पण त्यानंतर तीनच वर्षांनी, 7 मे 1915 रोजी, आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगत जर्मन पाणबुडी यू-20 ने बुडवलेल्या या जहाजावर 48 लाईफबोटी होत्या. माणसं होती 1,960 च्या आसपास. सगळी बसूनही जागा उरली असती. तरी जवळजवळ 1,200 गेली.

मुख्य कारण एकच: जहाज कललं. बाकी बरंचसं त्यातून आलं.

टॉर्पेडो एकच लागला, दुपारी 2 वाजून 10 मिनिटांनी, उजव्या कुशीत. युद्धात आरमाराला वापरता यावं अशा बेताने लुसिटेनिया बांधली होती, म्हणून बॉयलरखान्यांच्या दोन्ही अंगांना लांबच लांब कोळशाच्या कोठ्या होत्या. तोफगोळा आलाच तर तो कोळशात अडकावा आणि बॉयलर वाचावेत, हा हिशेब. पण टॉर्पेडो येतो पाण्याखालून, आणि एकदा कूस फुटली की याच कोठ्या घात करतात. पाणी जहाजभर पसरत नाही, एकाच अंगाला साचत राहतं. टायटॅनिकला अशा कोठ्या नव्हत्या. ती नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, खाली गेली, पण फारशी कलली नाही आणि 2 तास 40 मिनिटं तगली. लुसिटेनिया काही मिनिटांतच 15 अंश कलली, आणि उजव्या अंगाच्या उघड्या राहिलेल्या गोल खिडक्या पाण्याखाली जाऊ लागल्या. 18 मिनिटांत खेळ संपला.

आता लाईफबोटींकडे या. 22 लाकडी होत्या, दोन्ही अंगांना अकरा-अकरा. धोक्याचा पट्टा जवळ आला म्हणून आदल्या दिवशीच त्या बाहेर काढून लटकत ठेवल्या होत्या. सावधगिरी योग्यच होती. पण जहाज उजवीकडे कललं, तशा उजव्या अंगाच्या बोटी डेकच्या कडेपासून दूर झुलू लागल्या. मधल्या फटीतून खाली समुद्र दिसतोय आणि हातातल्या पोरासकट उडी घ्यायची! डावीकडे याच्या उलट: तिथल्या बोटी आत, जहाजाच्या अंगावर रेलल्या. एकेक बोट रिकामीच पाच टनांची, वर माणसांचं वजन. धरून ठेवणारी साखळी सुटली की ती बाहेर जायच्या ऐवजी आत यायची, डेकवर उभी असलेली माणसं चिरडायची आणि नाळेच्या दिशेने घसरत जायची. जी कशीबशी बाहेर ढकलली, ती कललेल्या कुशीवरून खरडत उतरायची. त्या पत्र्यावर रिव्हेटांची, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची, डोकी वर आलेली असत. लाकूड त्यांच्यावर किती टिकणार?

दोर सोडणं हेही कसबाचं काम. लाईफबोटीच्या दोन टोकांना दोन दोर, दोन्हीकडची माणसं एका लयीत ढिली करणार. एकाचा हात सुटला की बोट उभी होते आणि सगळे पाण्यात. जहाज कलतंय, शिवाय नाळही खाली चाललीय, म्हणजे दोन्ही दोर सारखे सोडूनही बोट तिरकीच. त्यात मुरलेले खलाशी आधीच नौदलाने नेलेले.

आणि एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: जहाज थांबलंच नव्हतं. टॉर्पेडो लागला तेव्हा वेग 18 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 33 किलोमीटर होता. कप्तान विल्यम टर्नरने किनाऱ्याकडे वळायला सांगितलं, मग यंत्रं उलटी फिरवायला सांगितली. पण वाफेचा दाब कोसळला होता, यंत्रांनी दाद दिली नाही. धावत्या जहाजावरून लाईफबोट सोडली की पाण्याला टेकताक्षणी ती फरफटत उलटते. टॉर्पेडोपाठोपाठ जहाजात दुसरा स्फोट झाला. तो कशाने, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात: काडतुसं, कोळशाची धूळ, वाफेचे नळ. काडतुसं होती, 4,200 पेट्या. पण माझ्या मते लाईफबोटींच्या हिशेबात तो वाद दुय्यम आहे.

शेवटी धडपणे सुटल्या फक्त सहा, सगळ्या उजव्या अंगाच्या.

उरलेल्या 26 घडीच्या होत्या: लाकडी तळ आणि वर उभारायच्या कॅनव्हासच्या भिंती. बहुतेक लाकडी बोटींच्या खालीच बांधलेल्या, म्हणजे वरची गेल्याशिवाय खालचीला हात लावता येत नाही. काही जहाज बुडताना सुटून तरंगल्या. 11 अंशांच्या पाण्यात, गारठलेल्या बोटांनी त्यांचं आवरण फाडून गंजलेल्या कड्यांवर भिंती उभ्या करायच्या होत्या.