पाणी दिलेली तलवार

31 वर्षं मी हीट ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये काढली. भट्टीतून लाल जॉब काढायचा, तेलात बुडवायचा, गार झाला की डायल लावून किती वाकलाय ते बघायचं. लांब, बारीक शाफ्ट हमखास वाकायचे. मग ते प्रेसवर सरळ करत बसायचं, त्यात एखादा तडकायचा. वाक हा आमचा रोजचा शत्रू. म्हणून मुलीकडे टोकियोला गेलो तेव्हा तिने काय बघायचंय विचारलं, तर मी एका दमात सांगितलं, "सामुराईंच्या तलवारी."

पहिल्या दिवशी ऊएनोच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेलो. होनकान इमारतीतल्या तलवारींच्या दालनात पाती नुसतीच मांडलेली असतात, मूठ नाही, म्यान नाही. मी सरळ उभा राहून बघत होतो आणि मला फक्त एक चकचकीत पोलादी पट्टी दिसत होती. शेजारी एक वयस्कर गृहस्थ गुडघे वाकवून हळूहळू डावीकडून उजवीकडे सरकत होते. मीही वाकलो. वरच्या दिव्याचं प्रतिबिंब पात्यावरून घसरत गेलं आणि धारेच्या कडेने धुक्यासारखी पांढरी, लाटालाटांची रेघ उमटली. हाच हामोन. तो वरून काढलेला नसतो, पाणी देताना पोलादातच तयार होतो.

ही रेघ कशी येते ते सांगतो, कारण माझा जीव तिथेच अडकलाय. माती, कोळशाची पूड आणि धार लावायच्या दगडाची पूड कालवून तो लेप पात्यावर देतात, पाठीकडे जाड आणि धारेकडे अगदी पातळ. मग भट्टीभोवती अंधार करून रंगावरून ताव ओळखायचा आणि पातं पाण्यात घालायचं. तेलात नाही, पाण्यात! आमच्या शॉपमध्ये अशा पोलादाला पाणी दाखवायची कुणाची छाती नव्हती. धार झटकन गार होऊन मार्टेन्साइट होते, म्हणजे काचेसारखी कडक. जाड लेपाखालची पाठ सावकाश गार होते आणि चिवट राहते. दोन्हींची हद्द म्हणजे हामोन. त्यातले सुटे चमकणारे कण म्हणजे निए, आणि कण वेगळे दिसत नाहीत, नुसतं धुकं दिसतं, ते निओई. जे मी नायटल (अल्कोहोलमधलं पातळ नायट्रिक ॲसिड) लावून मायक्रोस्कोपखाली शोधायचो, ते या लोकांनी नैसर्गिक दगडांवर पॉलिश करून डोळ्यांना दाखवलंय.

आणि वाक! पाण्यात पडल्यावर पातं आधी धारेकडे, उलटं वाकतं. मग मार्टेन्साइट झालेली धार फुगते आणि पातं पाठीकडे वळतं. सामुराईच्या तलवारीची ती डौलदार कमान बरीचशी इथे येते. मी आयुष्यभर ज्याच्याशी भांडलो, ते त्या लोहारांनी आधीच हिशेबात धरलं होतं. काही पाती या पाण्यात तडकतात आणि महिन्यांची मेहनत जाते.

'मिकाझुकी मुनेचिका' मला दिसली नाही. हेइआन काळातली (इ.स. 794 ते 1185), 80 सेंटिमीटरची ही तलवार याच संग्रहालयाची. तिच्या हामोनजवळ चंद्रकोरीसारख्या खुणा आहेत, त्यावरून नाव पडलं. इथे तलवारी पाळीपाळीने मांडतात, तेव्हा ठरावीक तलवारीसाठी जाणार असाल तर आधी चौकशी करा.

एक खूण लक्षात ठेवा. धार खाली करून मांडलेली असते ती ताची, घोडेस्वाराच्या कमरेला लटकणारी. धार वर असेल तर ती कातना, पट्ट्यात खोचायची. उपसता उपसताच वार होतो तो त्यामुळे. मुठीत जाणारा भाग मात्र गंजलेलाच ठेवतात. त्या काळ्या गंजावरून वय ओळखतात, तो घासून काढणं म्हणजे तलवारीची कुंडली पुसणं.

चिलखतांपाशी मी कमी थांबलो. लाखेने रंगवलेले छोटे छोटे पत्रे रेशमी दोऱ्यांनी ओवलेले, आणि 1543 मध्ये बंदुका आल्यानंतर त्यांच्या जागी वाढत गेलेले मोठे पत्रे, एवढं मनात राहिलं. चिलखतांचं वेड असेल तर एहिमे प्रांतातल्या ओमिशिमा बेटावरचं ओयामाझुमी मंदिर गाठा. लाल चिलखतांसाठी हिकोने शहर.

तलवारींसाठी टोकियोतच र्‍योगोकुला जपानी तलवार संग्रहालय आहे. 2018 पासून ते जुन्या यासुदा बागेच्या कडेला आहे, लहान आणि शांत. तिथे मी तीन तास होतो, मुलगी गच्चीवर बाग बघत बसली होती.

शेवटी ओकायामा प्रांतातल्या ओसाफुनेला गेलो. एके काळी इथे लोहारांच्या पिढ्यान् पिढ्या नांदल्या. इथल्या सेतोउची शहराने 2020 मध्ये लोकांकडून देणग्या गोळा करून 50 कोटी येनला 'सांचोमो' ही तलवार विकत घेतली. उएसुगी या सरदार घराण्याची, रानपाखराच्या पिसांसारखा हामोन असलेली. 1876 मध्ये सामुराईंना कमरेला तलवार लावून फिरायची बंदी झाली, आणि आजही लोक एका पात्यासाठी पैसे जमवतात, हे ऐकून मला भरून आलं. संग्रहालयाशेजारच्या कार्यशाळेत ऐरणीचा आवाज येत होता. मी दाराशी उभा राहिलो. पंख्याचा वारा, कोळशाचा वास, लालवरून पिवळ्यावर जाणारा रंग. "आता काढ," असं मी मनात म्हणालो आणि त्याच क्षणी लोहाराने पोलाद बाहेर काढलं.