सरांचे कान

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, असे समितीचे पत्र आले आणि मला प्रथम आठवली ती मैदानामागची पत्र्याची कार्यशाळा व तेथले वेल्डिंगचे सर. त्यांचे नाव लिहीत नाही, कारण 'कार्यशाळेचे सर' म्हटल्यावर आपल्या शाळेत दुसरे कोणी डोळ्यांसमोर येतच नाही.

सुरुवातीला ते आम्हांला मशीन चालूच करू देत नसत. वीज नसलेल्या होल्डरमध्ये, म्हणजे रॉड पकडायच्या मुठीत, वेल्डिंगचा रॉड धरून खडूच्या रेघेवरून हात सरकवायचा आणि रॉड जळून आखूड होणार आहे हे लक्षात ठेवून तो हळूहळू खालीही आणायचा, एवढाच सराव असे. पुढे मशीन सुरू झाले, तेव्हा बहुतेकांचा रॉड लोखंडी पट्टीला चिकटून बसू लागला. काडेपेटीवर काडी ओढावी तसा तो घासायचा, आर्क, म्हणजे रॉड व पट्टी यांमधली विजेची ज्योत, पेटताच किंचित उचलायचा आणि मग रॉडच्या आतल्या तारेच्या जाडीएवढेच अंतर राखायचे, म्हणजे ३.१५ मि.मी.च्या रॉडला जेमतेम ३ मि.मी., हे सरांनी प्रत्येकाचा हात धरून शिकवले. काळ्या काचेतून पाहणाऱ्या नवख्याला ते अंतर कसले दिसते!

एका दुपारी सर आमच्याकडे पाठ करून फळ्यावर जोडाची आकृती काढीत होते. मागे चाललेल्या एकसारख्या चरचरीत मध्येच फसफस ऐकू आली, तशी मान न वळवता ते म्हणाले, "खिडकीजवळच्या, अंतर वाढलंय. खाली ये." त्या मुलाने मुखवटा वर केला, तर पट्टीभर ठिणग्यांचे दाणे उडालेले आणि रन, म्हणजे वितळलेल्या धातूची जोडरेघ, पसरट झालेला. तेव्हापासून आम्ही डोळ्यांइतकेच कानांनीही वेल्डिंग करू लागलो.

आज भोसरीत माझा फॅब्रिकेशनचा छोटा कारखाना आहे. तेथे बहुतेक काम सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या) मशीनवर होते, रॉडऐवजी तार आपोआप पुढे सरकते आणि नवा मुलगा लवकर सरळ रन ओढू लागतो. तरीही त्याच्या हाती मी आधी रॉडच देतो व पाठ करून उभा राहतो.

कार्यशाळेच्या जागी आता संगणक कक्ष झाला आहे, असे कळले. संगणक हवेतच, परंतु त्यासाठी होल्डर भंगारात घालण्याचे कारण मला अद्याप समजलेले नाही. समितीने आवारात एखादी हवेशीर पडवी आणि वीजजोडणी दिली, तर मशीन, मुखवटे व रॉड मी देईन, आणि शनिवारी शिकवायलाही येईन.